त्याला मी हौस म्हणाले

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायांपैकी दहा जणी तरी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती सोसलं गं तुझ्या जावेनं, पण कधी तोंडातून ब्र काढला नाय." मी मान हलवत होते, आणि मनात म्हणत होते, ब्र काढला नाही? हिनं? वैशाली, तीन वर्षं माझं डोकं खाल्लंस तू! शिळफाट्याच्या आपल्या त्या एवढ्याशा दुकानात, हुक लावता लावता, साडीला फॉल लावता लावता, दातानं दोरा तोडत असतानासुद्धा तुझी बडबड थांबायची नाही. तू सोसलं नाहीस गं. तू भांडलीस. बाकी कुणाजवळ बोलायची सोय नव्हती म्हणून माझ्याशी भांडलीस, आणि मी ऐकलं नाही. म्हणून त्या बायांना वाटतं तू बोललीच नाहीस.

आणखी एक, सगळ्या तुला 'बिचारी' म्हणत होत्या. तू असतीस तर एकेकीला तिथंच सुनावलं असतंस.

तुझा फोटो भावजींनी फुलांच्या मधे ठेवला होता. माझ्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नातला, तिचा हात धरून उभी आहेस तो. वंदना म्हणताना सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे नव्हते. मी त्या फोटोत तुझा ब्लाऊज बघत होते. डाव्या बाजूला कटोरीखाली चुणी पडलीय. दुसऱ्या कुणाच्या नजरेला ती येणार नाही, पण टेलरला माणसाच्या आधी चुणी दिसते, त्याला काय करणार. त्या चुणीवरून आपलं मोठं भांडण झालं होतं.

पाच वर्षांपूर्वी तुला गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डावी छाती काढली, आणि त्याच ऑपरेशनमध्ये आत एक पिशवी बसवून नवी केली. डॉक्टर म्हणाले होते, बाई जाग्या होतील तेव्हा त्यांना काही गेल्यासारखं वाटणारच नाही. आपल्याला केवढा आनंद! मी तर आल्या-गेल्याला सांगत सुटले की आमच्या वैशालीचं अगदी होतं तसं करून दिलं. पुढे किमो झाली, रेडिएशन झालं, केस परत आले, तू दुकानात येऊन बसायला लागलीस. आणि हळूहळू ती पिशवी आत कडक होत गेली. कडक होत, आवळत, वर सरकत गेली. एक बाजू तुझ्या वयाची, दुसरी गळ्याशी चढलेली. रेडिएशननंतर होतं असं कधी कधी, हे आपल्याला फार उशिरा कळलं.

तेव्हा तू मला काही सांगितलं नाहीस. तू फक्त माप देईनाशी झालीस. आपल्याकडे बायका मापाचा ब्लाऊज आणतात, व्यवस्थित बसणारा एक जुना, त्यावरून आपण नवा बेततो. तू आजाराच्या आधीचा तुझा मोरपंखी ब्लाऊज आणून टाकलास माझ्यासमोर. "ह्याच्यावरून शिव." मी टेप घेऊन उठले तर म्हणालीस, "टेप ठेव. ह्याच्यावरून म्हटलं ना?" घरातली जाऊ, बावीस वर्षं एका चुलीवर काढलेली, आणि तुझं माप मी आजाराआधीच्या तुझ्या मापावरून काढत होते. तीन-चार ब्लाऊज तसे शिवले. प्रत्येक वेळी डावी कटोरी वरून ताणलेली, खालून रिकामी.

मग मी शहाणपणा केला. प्रणालीच्या लग्नातल्या त्या ब्लाऊजला अस्तराच्या आत, डाव्या बाजूला खाली, स्पंजचा तुकडा भरला. तुला न विचारता. मला वाटलं, तुझी लाज राखली. तू घालून बघितलास, बोट फिरवलंस, आणि आरशातूनच माझ्याकडे बघितलंस.

"ताई, हे काय भरलंस?"

"फिटिंगला बरं पडतं गं. कुणाला कळत पण नाय."

"मला इचारलंस?"

चार माणसांत तू मला 'तुमी' म्हणायचीस, दोघीच असलो की 'तू'. त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी 'तू' म्हणालीस. मग ब्लाऊज काढून, ओढणी गुंडाळून, कात्रीच्या टोकानं तू माझी टीप उसवलीस, स्पंज काढलास आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकलास. आणि लग्नात चुणीसकट मिरवलीस. चाळीस ब्लाऊजचे हुक तुझ्या हातचे होते त्या लग्नात, आणि सगळ्यात वाईट बसलेला ब्लाऊज तुझाच.

पण हे मी पुढचं आधी सांगतेय. त्याच्याही आधी, एका दुपारी, तू पहिल्यांदा म्हणालीस, "ताई, मला हे परत करून घ्यायचंय."

"काय परत?"

"ऑपरेशन. हे काढून दुसरं करता येतं. मी इचारून आलेय."

मी मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हटलं, "जीव वाचला ना? मग? या वयात आता कसली गं हौस?"

हौस. हाच शब्द मी वापरला. आणि एकदा नाही, तीन वर्षं वापरला. भावजींनी तर तुला वाईट वाटू नये म्हणून बोलायला जाऊन वाईटच केलं. म्हणाले, "माझी काय तक्रार हाय का? मी कधी काय बोललो का तुला?" तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तुमची नाय. माझी तक्रार हाय." तुझ्या नवऱ्यासारखा सरळ माणूस मिळायचा नाही, पण हे त्याला कळलं नाही. मला कळायला हवं होतं.

कारण मला तू सगळं सांगितलं होतंस. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. थंडीत आपल्या डोंगरावरून वारा सुटला की आतली पिशवी गार पडते आणि तासभर गरम होत नाही. कुणी प्रेमानं जवळ घेतलं तरी अंग आपोआप मागे जातं. आंघोळ भिंतीकडे तोंड करून करतेस. एकदा म्हणालीस, "आजारानं एक नेलं, ते मला समजलं, ताई. नेलं तर नेलं. पण जे दिलंय ना, ते माझं वाटत नाय. कुणाचं तरी सामान अंगात ठेवून घेतल्यासारखं झालंय." मी काय म्हणाले आठवतंय? म्हणाले, "सवय होईल."

आणि तुझं ते उत्तर! ते मला मरेपर्यंत पुरणार आहे. समोर कुणाचा तरी ब्लाऊज होता, बाही अर्धा इंच सैल म्हणून परत आलेला. तू तो उचललास आणि माझ्या तोंडासमोर नाचवलास. "ही बाई अर्ध्या इंचासाठी तुझ्याकडं तीनदा आली. तू तिला एकदा तरी म्हणालीस, बाई हौस करता काय? नाय ना? उलट सॉरी म्हणालीस. आणि मी अंगाचं बोलते तर मी नखरेल?" मी म्हटलं, कपड्याची आणि शरीराची गोष्ट एक असते होय? तू म्हणालीस, "नाय ना! म्हणून तर सांगते." मी चहा सांगितला. वादात हरायला लागले की मी चहा सांगते हे तुला ठाऊक होतं. तू चहा घेतला नाहीस.

पुढे तू थकून नाही, मला दमवून होकार घेतलास. पण मी होकार दिला तोही कसा? "आधी प्रणालीचं लग्न होऊ दे." झालं. "आता पावसात जखम चिघळेल, पाऊस जाऊ दे." गेला. "दिवाळीची कामं अंगावर हायत, तू नसलीस तर मी मरेन." हे मात्र खरं होतं. तू दिवाळीची कामं उरकलीस. दीड वर्ष गेलं यात. दीड वर्ष, वैशाली! एवढा वेळ मी गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं असतं तर लोकांनी दुकानाला दगड मारले असते.

मग आपण पनवेलला प्लास्टिक सर्जनकडे गेलो. सकाळची एसटी पकडून, डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. डॉक्टर बाई होत्या, तुझ्यापेक्षा लहानच. त्यांनी विचारलं, "नक्की काय त्रास होतो तुम्हाला?" आणि तू, आख्खा शिळफाटा बोलण्यात गार करणारी तू, मुकी झालीस. मग माझ्याकडे वळलीस. "ताई, तू सांग."

मला डॉक्टरी भाषा येत नाही. मी माझ्या भाषेत सांगितलं. म्हटलं, डावी बाजू उजवीपेक्षा दीड इंच वर चढलीय. वरचा भाग भरलाय, खालचा रिकामा आहे. मुंढ्याकडून ओढ बसतेय, त्यामुळे हात खांद्याच्या वर गेला की सगळंच वर जातं. बेतताना कापड कमी पडलं आणि ओढून शिवलं की असं होतं. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही." मग तुला पडद्याआड नेऊन तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. आतली पिशवी काढायची. पोटाची थोडी कातडी आणि चरबी घेऊन त्याची नवी करायची. तू विचारलंस, "सारखं होईल का दोन्ही?" त्या म्हणाल्या, "अगदी सारखं नाही होणार. खोटं नाही सांगत. पण मऊ होईल, तुमचं स्वतःचं असेल, आणि तुम्ही कुशीवर झोपाल."

तू रडलीस. मला वाटलं, सारखं होणार नाही म्हणून. बाहेर आल्यावर म्हणालीस, "येडी काय तू? तिनं एकदापण इचारलं नाय, कशाला पायजे म्हणून."

येताना स्टँडवर वडापाव खाल्ले. तुझ्या तोंडाला चव आली होती, दोन खाल्लेस. म्हणालीस, "ताई, आज पहिल्यांदा तू माझ्या बाजूनं बोललीस." आणि मी, मेली, काय म्हणाले असेन? "मी कुठं काय बोलले? मी फक्त माप सांगितलं." तुझा चेहरा किंचित उतरला. मग तू विषय बदललास. एवढंसं मागत होतीस माझ्याकडे, तेही मी देऊ शकले नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधीच्या तपासण्यांत लिव्हरवर डाग दिसले.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, मी काय सांगू. तारीख रद्द झाली. परत किमो. पण एक गोष्ट त्या बायांना माहीत नाही, जी मला रोज टोचते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सगळं सांगून झाल्यावर तू विचारलंस, "मग निदान हे आतलं तरी काढून टाका. नवीन नको. नुसतं काढा. मला एकदा डाव्या कुशीवर झोपायचंय." ते म्हणाले, आत्ता शरीराला झेपणार नाही, किमो थांबवता येणार नाही, पुढे बघू. बरोबरच असेल त्यांचं. पण घरी आल्यावर भावजी म्हणाले, "आता कशाला त्याचा विचार करते?" तू माझ्याकडे बघितलंस. मी शेंगदाणे निवडत होते. मी शेंगदाणे निवडत राहिले.

मी नंतर त्या पनवेलच्या डॉक्टरबाईंना एकटी जाऊन भेटले. तुला बोलले नाही. विचारलं, आम्ही दीड वर्ष आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, आजार कधी परत आला हे कुणी सांगू शकत नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्यांना वाटलं मी आजाराचं विचारतेय. आजाराचं नव्हते विचारत गं. आजार कुणाच्या हातात असतो? मी त्या दीड वर्षाचं विचारत होते. तेवढं तरी तुला तुझं अंग तुझं म्हणून मिळालं असतं. कुशीवर झोपली असतीस. वरचा डबा काढला असतास. प्रणालीला पोटाशी धरून निरोप दिला असतास, हात लांब ठेवून नाही. ते दीड वर्ष आजारानं नेलं नाही. ते मी नेलं.

खरं कारण तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. मला भीती वाटत होती. पहिल्या ऑपरेशनला तुला आत नेलं आणि दार बंद झालं, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाही. तिथं मी ठरवून टाकलं होतं की एकदा ही परत मिळू दे, मग हिला पुन्हा त्या दाराच्या आत जाऊ देणार नाही. एवढंच. बाकी वय, हौस, लोक, पाऊस, दिवाळी, सगळ्या थापा. भ्याले म्हणायची लाज वाटली, म्हणून तुलाच नखरेल ठरवलं. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. "भ्यालीस व्हय गं ताई?" म्हणाली असतीस, आणि बहुतेक माझी समजूत घातली असतीस.

सांगायची संधी नव्हती असंही नाही. मे महिन्यात तू अंथरुणावर होतीस. पुढून उघडणारा सुती झगा हवा होता. मी सवयीनं कपाटातून तुझा जुना ब्लाऊज काढला, तर म्हणालीस, "ते सोड आता. टेप आण. खरं माप घे." आणि स्वतःच पदर बाजूला केलास.

मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. तसं काही नव्हतं. ताणून चकचकीत झालेली कातडी, आडवी एक रेघ, आणि सगळं वर आवळलेलं. बघूनच कळत होतं की दुखत असणार. मी तळवा ठेवला. बाहेर मे महिन्याचं ऊन, पंखा गरम वारा फेकतोय, आणि तुझी ती बाजू माझ्या हाताला गार लागली.

"बघितलंस?" तू म्हणालीस.

"बघितलं."

"मग? हौस होती?"

वैशाली, तू मला समोर दार उघडून दिलं होतंस. मी एक शब्द बोलायचा होता. नाही. एवढाच. आणि मी म्हणाले, "हात वर कर जरा, मुंढ्याचं माप घेऊ दे."

तू हात वर केलास. जेवढा जात होता तेवढा.

तू गेलीस त्या सकाळी तुला आंघोळ घालताना मी बाकीच्यांना बाहेर थांबवलं, दोघीच ठेवल्या. पांढरी साडी नेसवली. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "डाव्या अंगाला थोडा कापूस भरा गं, लोक बघायला येतील, नीट दिसू दे." मी तिच्यावर ओरडले. म्हातारीवर, मयताच्या घरात. "काय भरायचं नाय! हाय तशी नीट हाय ती!" बाहेर सगळे दचकले. नंतर मी तिच्या पाया पडून माफी मागितली. तुला ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं, पण माझं सगळं धाडस तू नसताना येतं.

आज दुकान उघडलं. भावजीच म्हणाले, "वैनी, उघडा, बसून काय करणार?" अकराच्या सुमाराला एक बाई आली. पन्नाशीची असेल. हातात कापड नाही, पिशवी नाही. गिऱ्हाइकं जाईपर्यंत दाराशी उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "शिवायचं काय नाय. मी कळंबची. तुमच्या जाऊबाई किमोला माझ्या शेजारी असायच्या." तिला तुझी बातमी ठाऊक नव्हती. मी सांगितलं. ती खाली बसली.

मग म्हणाली, तिचंही तुझ्यासारखंच. छाती नवी केली, पण बिघडली. दुखतं. डॉक्टरांपुढं तोंड उघडत नाही. तू तिला म्हणाली होतीस, "शिळफाट्याला माझ्या ताईचं दुकान हाय. तिला बरोबर घेऊन जा. ती सांगती बरोबर."

तू माझं असं सांगत होतीस, वैशाली? एवढं सगळं झाल्यावर? मी शेंगदाणे निवडत बसले, त्याच्यानंतरसुद्धा?

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "पण घरचे म्हणतात, आता नातवंडं झाली, कशाला पायजे ही हौस." आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी तीन वर्षं बघितली होती.

मी म्हटलं, "हौस नाय बाई. तुमचं अंग हाय, तुमाला दुखतंय. एवढं कारण पुरे. मला पण भीती वाटती ऑपरेशनची, पण मी येते बरोबर. सोमवारी जाऊ."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मी तिला पाणी दिलं, एसटीची वेळ सांगितली, ती गेली. बोलायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि तू इथंच, माझ्यासमोर बसून, तेवढंच ऐकायला तीन वर्षं थांबली होतीस.